तीन गावांच्या चादरी

४ मार्च, बुधवार

आज पहिली गाडी शहराकडे गेली. गाडीचं दार लावताना देवाचं नाव घेतलं आणि लगेच मनात आलं, कडी नीट बसली आहे ना? ड्रायव्हरला थांबवून दार पुन्हा उघडून पाहिलं. तो म्हणाला, "काका, चादरीच आहेत. पळून नाही जाणार."

स्पर्धा शहरात आहेत. देशोदेशीचे खेळाडू येणार, काही संघ सरावासाठी आधीच येऊन राहिलेत. रस्ते मात्र आमच्या गावांतून जातात. धूळ आणि गर्दी आमच्या दारात, कमाई सगळी शहरात, असं होऊ नये म्हणून आसपासच्या गावांनी एकत्र येऊन गेलं वर्षभर बैठका घेतल्या. कुणाला पाव भाजायचं काम मिळालं, कुणाला बस चालवायचं, कुणाला सरावाची मैदानं. आमच्या तीन गावांच्या वाट्याला खेळाडूंच्या निवासातलं धुणं आलं. चादरी, अभ्रे, टॉवेल. तीन गावं, तीन लॉन्ड्र्या, तीन सारखे वाटे. एक माझी. खालच्या गावातली माझ्या व्याह्यांची. वरच्या गावातली एका बाईंची. तिघांचा माल माझ्याकडे जमतो, मी तो पाहून घेतो आणि एकाच गाडीने पाठवतो.

निमंत्रक म्हणून माझं नाव एकमताने ठरलं, हे मी त्या दिवशी मोठ्या कौतुकाने घरी सांगितलं होतं. ही म्हणाली, "तुम्हाला कुणी घाबरत नाही ना, म्हणून."

खरं असेल. पण मी मात्र सगळ्यांना घाबरतो. विशेषतः व्याह्यांना. आपली मुलगी त्या घरात आहे. धंद्यात नातं आलं की साधं 'माल कधी पाठवता' हे विचारतानासुद्धा जीभ अडखळते.

७ मार्च, शनिवार

व्याही फोन उचलत नाहीत. दुपारी तर नाहीच. संध्याकाळी स्वतःच करतात आणि घाईघाईने "माल निघालाय" एवढं सांगून ठेवून देतात.

माझ्या मनात एक गोष्ट सारखी येते. कराराच्या समारंभात त्यांची खुर्ची दुसऱ्या रांगेत लागली होती. माझी पहिल्या रांगेत, मध्ये. खुर्च्या मी लावल्या नव्हत्या, पण उठून त्यांना पुढे बोलवायला हवं होतं. तेव्हा सुचलं नाही. मुलाचे वडील मागे बसलेले आणि मुलीचा बाप पुढे हारात. त्यांच्या मनात ते राहिलं असणार.

जावई माल घेऊन येतात तेही असेच. गठ्ठे उतरवले की निघाले. आज म्हटलं, "चहा तरी घ्या." तर म्हणाले, "नको बाबा, परत जायचंय, ऊन आहे तोवर." उन्हात माणूस सावलीला थांबतो. ह्यांना उन्हातच जायची घाई. म्हणजे इथे थांबायचंच नव्हतं.

११ मार्च, बुधवार

तिन्ही गावांचा माल शेजारी शेजारी ठेवला की फरक कळतो. वरच्या गावच्या बाईंची घडी अशी की पट्टी लावून पाहावी. आमची ठीकठाक. पण व्याह्यांच्या चादरींना जो वास येतो तो कुणालाच येत नाही. मोकळा, कोरडा, उबदार वास. नाक खुपसून बसावंसं वाटतं. कोणता साबण वापरतात ते विचारायला हवं, पण सध्या विचारायची सोय नाही.

एकच खटकलं. काही चादरींवर मधोमध एक आडवी बारीक रेघ आहे. इस्त्रीने गेली नाही.

आमच्या मशीनवाल्याला सगळे हेडमास्तर म्हणतात, कारण तो सगळ्यांना ओरडतो, मलासुद्धा. तो म्हणाला, "वास घेत काय बसलात मालक, गाडी भरायचीय." मी त्याला ती रेघ दाखवली. त्याने बोटाने चाचपली, मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

"मालक, तुम्ही फार साधे आहात."

त्याच्या तोंडून चांगला शब्द क्वचितच येतो. बरं वाटलं.

१२ मार्च, गुरुवार

मुलगी येऊन गेली. उभ्या उभ्याच. तिचे हात पाहून मला धस्स झालं. बोटांच्या पेरांना भेगा, तळवे लाल. म्हणाली, "नवा साबण कडक आहे बाबा." हिने तेल कोमट करून तिच्या हातांना चोळलं. दोघी आत काहीतरी बोलत होत्या. मी गेलो तर गप्प झाल्या.

मी धीर करून विचारलं, "तुझे सासरे माझ्यावर रागावलेत का?"

ती हसली. "त्यांना रागवायला वेळ कुठंय बाबा?"

निघताना अंगणात थांबून आभाळाकडे पाहिलं. "पाऊस येईल का हो?" मी म्हटलं, आला तर बरंच आहे, जरा गारवा होईल. 

इतका कडक साबण आणि इतका छान वास. मला त्या मिश्रणाचं काही कळत नाही.

१५ मार्च, रविवार

कालपासून ढगाळ आहे. व्याह्यांचा माल सकाळी आलाच नाही. गाडी दारात उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. शेवटी निम्माच आला. उरलेला आमच्या कपाटातल्या जादा चादरींतून भरून काढला.

जावयांना विचारलं तर म्हणाले, "मशीनचं जरा..." आणि मानेवरचा घाम पुसत गठ्ठे उचलायला गेले.

मला वाटतं व्याह्यांना आता यातून अंग काढून घ्यायचं आहे, आणि माझ्यामुळे. एका गावाने हात काढला की करार मोडला. मग शहरातले मोठे कारखाने टपलेलेच आहेत. तीन गावांची माणसं मला काय म्हणतील? आणि मुलगी? तिला तिथे रोज त्याच माणसांत जेवायला बसायचंय.

प्रार्थनेला बसलो, पण लक्ष लागलं नाही. देवाशी बोलताना मध्येच गठ्ठे मोजत होतो.

१७ मार्च, मंगळवार

स्पर्धांच्या कार्यालयातून सुपरवायझर आले होते. तरुण आहेत, बोलायला गोड. सगळीकडे फिरले, मशीनं पाहिली, खाली वाकून मशीनमागची भिंतसुद्धा पाहिली. मी मागे मागे. हेडमास्तरने आज एकदाही आवाज चढवला नाही, त्यानेच मला जास्त धास्ती वाटली.

मग ते म्हणाले, "खालच्या गावचा माल उशिरा येतो असं दिसतंय. काही अडचण?"

व्याह्यांची बाजू सावरायची माझी जबाबदारी होती. मी त्यांची चादर काढून सुपरवायझरांच्या हातात दिली आणि म्हटलं, "उशीर होतो, पण काम बघा साहेब. वास घेऊन बघा. असा वास आमच्या कुणाच्या चादरीला नाही. जणू दोरीवर उन्हात वाळवलीय!"

त्यांनी वास घेतला. हसले. चादर उलगडून उजेडासमोर धरली. "खरंच," म्हणाले. "अगदी उन्हाचा."

मी खूश झालो. मागे हेडमास्तरच्या हातातली बादली खाली पडली. त्याने पाणी पुसलं आणि गठ्ठे भरायला निघून गेला.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. सुरी थांबली. "तुम्ही असं म्हणालात?" मी म्हटलं, "हो. चांगलं बोललो ना?"

ती म्हणाली, "जेवून घ्या."

१८ मार्च, बुधवार

सुपरवायझरांचा फोन आला. खालच्या गावचं काम उद्यापासून थांबवलं आहे. करारात स्पष्ट आहे म्हणाले, प्रत्येक कपडा मशीनच्या उष्णतेवरच वाळला पाहिजे. उघड्यावर धूळ बसते, पाखरं येतात, आणि एका खेळाडूच्या अंगावर पुरळ उठलं तरी बातमी होते. "तुम्ही सांगितलंत म्हणून वेळेवर कळलं. त्यांचा वाटा आता तुम्ही उचला. तुमच्या गावाचा फायदाच आहे."

मी "मी कुठे सांगितलं" असं म्हणत होतो तोवर फोन बंद झाला.

फोन हातात धरून उभा राहिलो आणि एकेक गोष्ट समोर येत गेली. ती रेघ दोरीची होती.

हिला म्हटलं, "तुला ठाऊक होतं."

"होतं. त्यांचं वाळवायचं मशीन पहिल्याच आठवड्यात जळलं. सुटा भाग कारखान्यातून यायला दीड महिना. तोवर मागच्या माळावर दोऱ्या बांधून घरातली सगळी राबतायत. व्याह्यांनी शपथ घातली होती, कुणाला कळता कामा नये."

"मला तरी सांगायचंस!"

"तुम्हाला? तुमच्या पोटात काही राहतं का? चेहऱ्यावर पाटी लावल्यासारखं दिसतं सगळं. ठाऊक असतं तर त्या साहेबासमोर घाम फुटला असता तुम्हाला."

"आणि नव्हतं ठाऊक म्हणून काय झालं ते बघ."

यावर ती डोळ्यांना पदर लावून आत गेली.

संध्याकाळी आमच्या गावची दोन जाणती माणसं पेढ्यांसारखी गोड तोंडं करून आली. मी म्हणे फार हुशारीने खेळलो. त्यांना वाटतं मी हे मुद्दाम केलं. मग व्याह्यांना काय वाटत असेल?

१९ मार्च, गुरुवार

खालच्या गावात गेलो. रस्ताभर वाक्यं जुळवत होतो. दार मुलीने उघडलं. मला पाहून डोळे भरले, पण "या" म्हणाली आणि बाजूला झाली. पूर्वी येऊन हात धरायची.

व्याही माळावर दोऱ्या सोडत होते. पाठ माझ्याकडे.

"काय, पुन्हा कौतुक करायला आलात?"

जुळवलेलं एक वाक्य तोंडातून निघेना. म्हटलं, "मला खरंच ठाऊक नव्हतं हो."

"तेच तर. रोज माझ्या चादरी हातात घेता, आणि तुम्हाला ठाऊक नव्हतं. धुलाईवाले म्हणवता स्वतःला?"

विहीणबाई दारातून म्हणाल्या, "अहो, पाणी तरी विचारा त्यांना." ते म्हणाले, "विचार तूच. मी दोऱ्या सोडतोय."

मी म्हटलं, "माझं मशीन दुपारनंतर रिकामं असतं. तुमचा माल तुमच्या माणसांनी तिथे धुवायचा, वाळवायचा. वाटा तुमचाच."

ते वळले. चेहरा उन्हाने रापून गेलाय. "लोक काय म्हणतील? सुनेच्या माहेरी धुणी धुतो?"

"लोक म्हणतात मी तुमचा वाटा गिळला. दोघांनाही काहीतरी म्हणतीलच."

ते दोरीची गुंडाळी करत राहिले. मी उभा होतो, मग निघालो. जावई फाटकापर्यंत आले. एवढंच म्हणाले, "बाबा, त्यांना जरा वेळ द्या."

वेळ माझ्याकडे तरी कुठे आहे? उद्या उत्तर द्यायचं आहे, वाटा उचलतो की नाही. देवा, मी तोंड उघडलं की बिघडतं आणि न उघडून चालत नाही.

२० मार्च, शुक्रवार

आधी वरच्या गावच्या बाईंना फोन केला, कारण जे मी मागणार होतो त्यात त्यांचाही जीव अडकला होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तुम्हा व्याह्याव्याह्यांच्या मानपानात माझी लॉन्ड्री पणाला?"

"तसंच आहे म्हणा."

"निदान खरं तरी बोलता. माझ्याकडे बारा बायका कामाला आहेत. स्पर्धांचं काम आलं म्हणून दोघींनी घराला पत्रे टाकले. गेलं तर त्यांना तोंड तुम्ही दाखवायचं, मी नाही." जरा थांबून म्हणाल्या, "आज त्यांचं मशीन गेलं, उद्या माझं जाईल. तेव्हा तुम्ही हाच फोन कराल ना?"

मी हो म्हटलं. "मग करा काय करायचं ते. आणि त्या माणसासमोर कमी बोला."

सुपरवायझरांना सांगितलं, वाटा उचलणार नाही. खालच्या गावचा माल खालच्या गावची माणसं माझ्या मशीनवर धुतील. ते मग म्हणाले, "कुठे धुता त्याच्याशी मला देणंघेणं नाही, जागा तपासलेली आहे. पण आता तिन्ही गावांचा माल एकच धरला जाईल. एक गठ्ठा जरी परत आला तर तिघंही बाहेर. चालेल?"

एका क्षणात मला आमच्या गावच्या सगळ्यांचे चेहरे दिसले. "चालेल," म्हटलं. आवाज माझा नव्हताच.

मला तिघांच्या वतीने हो म्हणायचा अधिकार होता का? आणि ज्यांच्यासाठी म्हटलं ते येणार की नाही, हेही माहीत नाही.

२२ मार्च, रविवार

व्याह्यांचा निरोप नाही. त्यांच्या वाट्याचे मळके गठ्ठे शहरातून माझ्याकडे येऊन पडलेत. दोन दिवस आमच्याच माणसांनी उपसले. हेडमास्तर म्हणाला, "मशीन आपलं, वीज आपली, आणि वाटा त्यांचा. मालक, दुकान आहे की धर्मशाळा?"

मी म्हटलं, "ते येतील."

"आणि नाही आले तर?"

"तर मी स्वतः धुवीन."

"तुम्ही? तुम्ही वास घ्याल नुसता." असं म्हणाला, पण नंतर गुपचूप त्यांचे गठ्ठे वेगळे काढून ठेवताना दिसला.

२३ मार्च, सोमवार

दुपारी जावयांची गाडी थांबली. आधी त्यांच्याकडच्या चार बाया उतरल्या, मग मुलगी, शेवटी व्याही. बाकीचे आत आले. ते फाटकाबाहेरच. पायात चपला, हात मागे बांधलेले. आत या म्हणायला मी पुढे होणार होतो, हिने माझा सदरा मागून ओढला. "तुम्ही थांबा."

मग थांबलो. इतका वेळ कुणाकडे पाहायचं नाही म्हणजे फार अवघड. मी एकच टॉवेल घडी घालत होतो आणि मोडत होतो. मुलगी खिडकीशी. मला वाटलं ते तसेच परत फिरतील.

तेवढ्यात मोठं मशीन खडखडायला लागलं आणि बंद पडलं. माझं काळीजच बंद पडलं. हेडमास्तर बाहेर जाऊन फाटकाशी उभा राहिला, आणि जो माणूस आयुष्यात कुणाला काही विचारत नाही तो म्हणाला, "अहो, जरा बघता का? पट्टा सुटलाय. मला काही केल्या बसेना."

व्याह्यांनी त्याच्याकडे पाहिलं. चपला काढल्या. सरळ आत आले, माझ्याकडे न बघता मशीनखाली आडवे झाले आणि एका झटक्यात पट्टा बसवला. वर येऊन हेडमास्तरला म्हणाले, "एवढं येत नाही तुला?"

"नाही ना," तो म्हणाला.

देवाची कृपा. पण एक कळत नाही. तो पट्टा हेडमास्तरने मागच्याच आठवड्यात नवा घातला होता. इतक्यात सुटला कसा? उद्या नीट पाहायला सांगायला हवं.

२६ मार्च, गुरुवार

आज शहरात उद्घाटन झालं. घराघरांतून टीव्हीचा आवाज येत होता, टाळ्या, बँड. आमच्या लॉन्ड्रीत मशीनच्या आवाजात कुणाला काही ऐकू आलं नाही. तिघांचा एकच धरलेला पहिला माल तपासून झाला असावा, पण शहराकडून दिवसभर काही कळलं नव्हतं. फोन खिशात ठेवला की वाजल्यासारखा वाटे. काढून पाहावा तर काही नाही.

व्याही चार दिवस रोज येतात. माझ्याशी कामापुरतं बोलतात, तेही हेडमास्तरच्या मार्फत. "यांना सांग, पाणी फार घालतात." "यांना सांग, अभ्रे उलटे करून घालायचे असतात." मी दोन हातांच्या अंतरावर उभा असतो आणि तो मध्ये उभा राहून तेच पुन्हा सांगतो.

दिवस मावळताना फोन आला. माल पास झाला. सुपरवायझर म्हणाले, "असंच चालू ठेवा," आणि बाकी काहीच नाही. मी मोठ्याने सांगितलं तशा बाया हसायला लागल्या. मुलीने येऊन माझा हात धरला. तळवे अजून खरखरीत आहेत. व्याही टॉवेलांची चळत लावत होते. त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं, ऐकलं नसेल. पुन्हा सांगितलं.

"ऐकलं," म्हणाले. "बहिरा नाही मी."

सगळे निघाले. मी दिवे घालवले, दार ओढलं, कुलूप लावलं. वळून पाहतो तर ते पायरीवर थांबलेले. गाडीत बाकीचे वाट पाहत होते.

"किल्ली द्या."

मला समजेना.

"उद्या पहाटेची पाळी मी चालू करतो. दुपारी सुरू केलं तर माझ्या मालाला घाई होते. रोज तुम्ही उठून याल म्हणून दारात वाट बघत बसायला मी काय गिऱ्हाईक आहे?"

मी किल्ली काढून दिली. त्यांनी ती सदऱ्याच्या वरच्या खिशात टाकली, खिशावर हात ठेवला, आणि गाडीत जाऊन बसले. नमस्कार नाही, काही नाही.

घरी येईपर्यंत वाटेत कितीदा तरी माझा हात खिशाकडे गेला. प्रत्येक वेळी वाटे, किल्ली हरवली. मग आठवे, कुणाकडे आहे ती.